अनवतीर्ण वृषणावरील शस्त्रक्रिया : योग्य वयाच्या कल्पनेचा इतिहास आणि नंदुरबार जिल्हा

वैद्यकाच्या इतिहासात एखाद्या शस्त्रक्रियेची हकीकत सामान्यतः शस्त्रवैद्यांच्या नावांनी व त्यांच्या पद्धतींनी सांगितली जाते. अमक्याने अमुक साली छेद कोठे घेतला, तमक्याने टाका कसा घातला, असा तो क्रम असतो. ही रीत चुकीची नव्हे. परंतु काही शस्त्रक्रियांच्या बाबतीत ती अपुरी पडते. लहान मुलग्यांच्या अनवतीर्ण वृषणावरील शस्त्रक्रिया ही त्यांपैकी एक होय. वृषण मोकळे करून त्याच्या कोशात आणून बसविणे, हे ह्या क्रियेचे मूळ स्वरूप गेल्या सव्वाशे वर्षांत फारसे पालटलेले नाही. पालटले आहे ते एका साध्या प्रश्नाचे उत्तर : ही शस्त्रक्रिया मुलाच्या कोणत्या वयात करावी? ते उत्तर जसजसे बदलत गेले, तसतसा ह्या विकारावरील उपचाराचा भार शस्त्रवैद्याच्या हातातून निघून मुलाला प्रथम पाहणाऱ्या माणसाच्या हाती गेला. प्रस्तुत लेखात प्रथम ह्या बदलाची रूपरेषा दिली असून, नंतर नंदुरबार जिल्ह्याच्या परिस्थितीत तिचा अर्थ काय होतो ह्याचा विचार केला आहे.

१. विकाराचे स्वरूप

गर्भावस्थेत वृषणे पोटात, मूत्रपिंडाच्या खालच्या बाजूस तयार होतात. तेथून त्यांचा प्रवास दोन टप्प्यांत घडतो. पहिला टप्पा साधारणतः दहाव्या ते पंधराव्या आठवड्यांत पुरा होतो व वृषण जांघेच्या आतील मुखापाशी येऊन थांबते. दुसरा टप्पा पंचविसाव्या ते पस्तिसाव्या आठवड्यांच्या दरम्यानचा. त्यात वृषण जांघेतील मार्गाने उतरून कोशात पोहोचते. ह्या दुसऱ्या टप्प्याचा काळ ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. जे मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मते, त्याचा हा प्रवास जन्माच्या वेळी अपुराच असतो. म्हणून पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांत हा विकार सुमारे तिघांत आढळतो, तर अपुऱ्या दिवसांच्या शंभरांत ती संख्या तीसच्या आसपास जाते. यांपैकी पुष्कळांची वृषणे पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात, आणि वर्षाच्या अखेरीस शंभरांत सुमारे एक मुलगा असा उरतो. सहा महिन्यांनंतर आपोआप उतरण्याची आशा फारशी राहत नाही.

जांघेच्या ह्या मार्गाकडे आपल्या प्राचीन शस्त्रवैद्यांचेही लक्ष होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘वृद्धी’चे सात प्रकार सांगितले असून त्यांत अंत्रवृद्धी, म्हणजे आतडे खाली उतरण्याचा विकार, सातवा होय. हे आतडे कोशात उतरण्यापूर्वीच वंक्षणाच्या ठिकाणी अग्निकर्म करून त्याचा मार्ग रोखावा, असे चिकित्सास्थानात सांगितले आहे. हा विचार अंतर्गळाचा आहे, अनवतीर्ण वृषणाचा नव्हे. तेव्हा सुश्रुताला हा विकार व त्याची शस्त्रक्रिया ठाऊक होती असा निष्कर्ष त्यातून काढणे उतावीळपणाचे ठरेल. तथापि दोन्ही विकारांचा रस्ता एकच असतो, आणि अनवतीर्ण वृषणाबरोबर बहुधा अंतर्गळाची पिशवीही उघडी राहिलेली असते. आधुनिक शस्त्रवैद्याला ती पिशवी प्रथम बांधावी लागते. मगच वृषण खाली येते.

२. क्रियेचा उदय : १७६२ ते १८९९

वृषणाच्या अवतरणाचे पहिले सविस्तर वर्णन जॉन हंटर ह्या स्कॉटिश शस्त्रवैद्याचे. त्याच्या थोरल्या भावाने, विल्यम हंटरने, ते १७६२ मध्ये आपल्या ग्रंथात प्रसिद्ध केले. वृषणाच्या खालच्या टोकापासून कोशाकडे जाणारा जो बंध त्याला गर्भाच्या शवविच्छेदनात आढळला, त्याला त्याने लॅटिन भाषेतील ‘सुकाणू’ ह्या अर्थाचे नाव दिले. वृषणाला वाट दाखविणारा बंध म्हणून ते अन्वर्थकही होते. परंतु हंटरने आणखी एक मत मांडले, ज्याची छाया पुढील दीडशे वर्षांवर पडली. वृषण उतरत नाही, कारण ते मुळातच सदोष असते, असे त्याचे म्हणणे होते. हे खरे मानले तर शस्त्रक्रियेचा हेतूच लंगडा पडतो. मुळात निकामी असलेला अवयव योग्य जागी आणून बसविला, तरी त्याने काय साधणार?

ह्या शंकेमुळे, आणि त्याहूनही अधिक जंतुदोषाच्या भयामुळे, एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ वैद्यांनी एकतर काहीच केले नाही, किंवा पट्टा बांधला, किंवा दुखणारे वृषण सरळ काढून टाकले. म्यूनिकच्या रोझेनमेर्केलने १८२० मध्ये ते खाली आणून बसविण्याचा प्रयत्न केल्याची नोंद आहे. तथापि बेशुद्धीचे औषध नाही आणि जखम चिघळण्याची भीती मोठी, अशा काळात ह्या प्रयत्नाला अनुयायी मिळणे कठीणच होते.

भूल देण्याची विद्या १८४६–४७ मध्ये आली, लिस्टरची जंतुनाशक पद्धत १८६७ मध्ये. ह्या दोहोंचा संगम एडिंबरो येथे झाला. लिस्टर तेथून लंडनला गेल्यावर त्याच्या अध्यासनावर १८७७ मध्ये टॉमस अॅनंडेल आला, आणि त्याच साली त्याने तीन वर्षांच्या एका मुलाचे वाट चुकून कोशामागील भागात गेलेले वृषण काढून कोशात आणून शिवले. ह्या क्रियेचे पहिले यश म्हणून इतिहासकार ह्याच उदाहरणाकडे बोट दाखवितात. ते मूल तीनच वर्षांचे होते, ही गोष्ट मात्र बहुधा कोणी लक्षात घेत नाही. पहिले यश लहान वयात मिळाले असता पुढील पिढ्यांनी शस्त्रक्रियेचे वय वाढवीत नेले, हा ह्या इतिहासातील विलक्षण भाग होय.

शिकागोचे आर्थर डीन बेव्हन ह्यांनी १८९९ मध्ये मांडलेली तत्त्वे आजही ह्या क्रियेचा पाया आहेत : जांघेत छेद घेऊन वृषणरज्जू मोकळी करावी, अंतर्गळाची पिशवी वेगळी करून बांधावी, रज्जूला आखडून धरणारे धागे कापावेत, आणि वृषण ताण न पडता कोशात आणावे. सारे मर्म ‘ताण न पडता’ ह्या अटीत आहे. रज्जूतील रक्तवाहिन्या आखूड असतात आणि ओढून आणलेले वृषण रक्ताविना सुकते.

३. ताणाचा प्रश्न व त्याची उत्तरे

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पद्धतींचा इतिहास म्हणजे ह्या ताणावर शोधलेल्या उत्तरांचाच इतिहास आहे. लंडनचे कीटली व न्यूयॉर्कचे टोरेक ह्यांनी वृषण मांडीच्या आवरणाला शिवून ठेवण्याची रीत पुढे आणली. काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करून कोश मांडीपासून सोडवावयाचा. मधल्या काळात त्या मुलाने कसे चालावे, कसे बसावे, ह्याचा विचार ग्रंथांत त्रोटकच आढळतो. पॅरिसच्या ओंब्रेदान ह्यांनी १९१० मध्ये वृषण मधल्या पडद्यातून पलीकडच्या बाजूस नेऊन अडकविण्याचा मार्ग दाखविला. पुढे कोशाच्या त्वचेखालीच एक छोटा खिसा करून त्यात वृषण ठेवण्याची पद्धत रूढ झाली. ती सोपी, एका वेळी संपणारी आणि मुलाला सोसणारी असल्यामुळे आजही सर्वत्र वापरली जाते.

वृषण फार वर, पोटातच राहिले असेल तर काय करावे? बेव्हन ह्यांनी अशा प्रसंगी मुख्य रक्तवाहिन्या कापण्याचे धाडस सुचविले होते. मेलबर्नचे फाउलर आणि स्टीफन्स ह्यांनी १९५९ मध्ये ह्या सूचनेला शरीररचनेचा आधार दिला : रेतवाहिनीलगतच्या बारीक धमनीतून पुरेसा रक्तपुरवठा होत असेल, तर मुख्य धमनी कापूनही वृषण जगू शकते. १९७६ मध्ये इटलीत कोर्तेसी व सहकाऱ्यांनी पोटात दुर्बीण घालून असे हरवलेले वृषण शोधण्याचा मार्ग दाखविला. महाराष्ट्राच्या दृष्टीने येथे एक दुवा जोडण्यासारखा आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया ह्यांनी १९७२ पासून निदानासाठी पोटातील दुर्बीण वापरण्यास आरंभ केला होता, आणि हे साधन महानगरांपुरते न राहता लहान गावांच्या रुग्णालयांपर्यंत जावे असा त्यांचा आग्रह होता.

४. वय उतरत गेले

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी बहुसंख्य शस्त्रवैद्य मुलगा वयात येण्याच्या सुमारास शस्त्रक्रिया करीत. त्यामागे तीन कारणे होती. वयात येताना वृषण आपोआप उतरेल ही आशा; लहान मुलाला भूल देण्याचे भय; आणि बारीक रक्तवाहिन्या हाताळण्यातील अडचण. यांपैकी पहिल्या कारणाचा उलगडा लंडनच्या सर डेनिस ब्राउन ह्यांनी १९३८ मध्ये केला. ‘आपोआप उतरलेली’ अनेक वृषणे मुळात अनवतीर्ण नव्हतीच, असे त्यांनी दाखवून दिले. लहान मुलाच्या वृषणाला वर खेचणारा स्नायू फार चपळ असतो. थंड हात लागला, मूल घाबरले, की वृषण जांघेत जाऊन बसते. ऊब मिळाली, मूल निश्चिंत झाले, की ते पुन्हा खाली येते. हे ‘चपळ’ वृषण आणि खरे अनवतीर्ण वृषण ह्यांतील भेद न ओळखल्यामुळे कित्येक मुलांवर निष्कारण शस्त्रक्रिया झाल्या, आणि १९३० नंतर आलेल्या संप्रेरकांच्या टोचण्यांना नको तितके श्रेय मिळाले.

हंटरच्या मताला धक्का दिला तो शिकागो विद्यापीठातील कार्ल मूर ह्यांच्या प्रयोगांनी. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी प्राण्यांची निरोगी वृषणे पोटात नेऊन ठेवली, तेव्हा त्यांतील बीजपेशींचा ऱ्हास झालेला दिसला. कोशाचे तापमान पोटापेक्षा कमी असते आणि ह्या थंडाव्यावाचून वृषणाचे कार्य चालत नाही, हे त्यावरून निश्चित झाले. म्हणजे वृषण सदोष असल्यामुळे वर राहते हे पूर्ण सत्य नव्हे. वर राहिल्यामुळेही ते सदोष होत जाते. एकदा हे मान्य केले की विलंब हाच रोगाचा भाग ठरतो. यूजीनिया कूपर ह्यांनी १९२९ मध्ये निरनिराळ्या वयांतील वृषणांच्या सूक्ष्म रचनेची तुलना करून हा बिघाड बालवयातच सुरू होतो असे दाखविले होते; परंतु शस्त्रवैद्यांच्या सवयीने ह्या पुराव्याला बराच काळ दाद दिली नाही. वय दहा-बारा वर्षांवरून शाळाप्रवेशाच्या सुमाराला, तेथून दोन वर्षांवर आले. उत्तर युरोपातील तज्ज्ञांनी २००७ मध्ये सहा ते बारा महिन्यांची शिफारस केली; अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ मध्ये अठरा महिन्यांची मर्यादा घातली. दोघांनीही संप्रेरकांचा उपचार बाजूस सारला.

विलंबाचे मोल किती, ह्याचा एक भरभक्कम पुरावा स्वीडनमधून आला. १९६४ ते १९९९ ह्या काळात ही शस्त्रक्रिया झालेल्या १६,९८३ पुरुषांचा पाठपुरावा करून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, तेरा वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत वृषणाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे सव्वादोन पट होते, तर त्यानंतर झालेल्यांत ते पाचपटीहून अधिक. हा रोग मुळात विरळ आहे हे येथे विसरू नये. पण प्रमाणातील फरक बोलका आहे. अपत्यप्राप्तीच्या बाबतीत एका बाजूचा विकार असलेले पुरुष इतरांच्या जवळपास असतात. दोन्ही बाजूंचा विकार असलेल्यांची शक्यता मात्र लक्षणीय प्रमाणात घटते.

५. नंदुरबारची दोन पंचांगे

हा सर्व इतिहास एडिंबरो, शिकागो आणि मेलबर्नचा आहे. सातपुड्याच्या कुशीतील मुलापर्यंत तो केव्हा व कोणत्या वाटेने पोहोचला? १९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन होऊन झालेल्या पश्चिम खानदेशाचा, पुढे धुळे जिल्ह्याचा, हा भाग १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र नंदुरबार जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,४८,२९५. त्यांत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के. ताप्ती खोऱ्यातील रेल्वेने नंदुरबार, नवापूर ही गावे सुरत व भुसावळशी जोडली; परंतु अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील डोंगरपाडे रेल्वेपासून व रुग्णालयापासून दूरच राहिले. नर्मदेच्या फुगवट्यालगतच्या पाड्यांसाठी तर तरंगत्या दवाखान्याची योजना करावी लागली.

बालकांच्या शस्त्रक्रियेची विशेष विद्या महाराष्ट्रात प्रथम मुंबईत रुजली. परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ चे. भारतीय बालशस्त्रवैद्यांची संघटना १९६५ ची. खानदेशाच्या पश्चिम भागाला सर्वांत जवळचे महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते १९८९ मध्ये, धुळ्यास. आणि नंदुरबारचे स्वतःचे महाविद्यालय २०२० मध्ये सुरू झाले. खर्चाचा भार उचलणारी राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होते, नंदुरबार नव्हते. ते पुढच्या टप्प्यात, २०१३ च्या अखेरीस आले. संस्थांचा हा क्रम पाहिला म्हणजे उशीर दिसतो. तथापि तो उशीर आता बराचसा भरून निघाला आहे. आज शस्त्रवैद्य गाठणे पूर्वीइतके दुष्कर नाही. खरी अडचण दुसरीकडे आहे.

ती अडचण दोन पंचांगांच्या विसंगतीची आहे, असे म्हणावयास हरकत नाही. शासनाची आरोग्ययंत्रणा मुलाच्या अंगाची पद्धतशीर तपासणी करते ती मुख्यतः शाळेत व अंगणवाडीत. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरत्या पथकांनी अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुले एकदा तपासावयाची असतात. योजना उत्तमच आहे. पण अंगणवाडीत बसलेले सापडते ते तीन ते सहा वर्षांचे मूल. तान्हे मूल आईच्या पाठीवर शेतात असते. शिवाय त्या कार्यक्रमाच्या राष्ट्रीय यादीतील जन्मजात दोषांत दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयाचा दोष इत्यादी नऊ विकारांची नावे आहेत. अनवतीर्ण वृषणाचे नाही. ओठ व पाऊल चारचौघांना दिसतात. हा विकार कपड्याआड राहतो, दुखत नाही, आणि मूल मोठे झाले की लाजेआडही राहतो. साहजिकच तो ध्यानात येतो तो शाळेच्या वयात, म्हणजे शस्त्रक्रियेचे योग्य वय उलटून गेल्यावर कित्येक वर्षांनी.

ह्यात जिल्ह्याच्या दोन वैशिष्ट्यांची भर पडते. पहिले, कमी वजनाची व अपुऱ्या दिवसांची बाळे. ह्या विकाराचा सर्वांत मोठा धोका नेमका त्यांनाच असतो. कुपोषणाचा प्रश्न येथे ह्या अनपेक्षित वाटेने शस्त्रक्रियागृहापर्यंत येऊन पोहोचतो. दुसरे, ऊसतोडीचे स्थलांतर. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे दक्षिण गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यात परततात. सहा ते अठरा महिने ही जी बारा महिन्यांची संधी, तिच्यात एक तोडणीहंगाम अटळपणे येतो. ‘सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा’ हा वैद्याचा सल्ला ज्या घराला दिला जातो, ते घर सहा महिन्यांनी त्या गावात असेलच असे नाही. भिल्ल व पावरा समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल ह्या रक्तदोषाची चाचणी भूल देण्यापूर्वी करावी लागते, ती आणखी एक फेरी.

६. समारोप

मग उपाय कोणता? इतिहासाच्या अभ्यासकाने उपाय सांगू नयेत असा एक संकेत आहे. पण येथे इतिहासच उत्तराकडे बोट दाखवितो. बाळाला सर्वांत आधी व सर्वांत अधिक पाहणारे हात दोन. एक सुईणीचे वा आजीचे : तेल लावून कोमट पाण्याने न्हाऊ घालणारे. डेनिस ब्राउन ह्यांनी तपासणीसाठी जी ऊब व निश्चिंतता हवी म्हणून सांगितले, ती बाळाच्या न्हाणीत रोजच असते. दोन्ही बाजूंच्या गोट्या खाली आहेत ना, एवढा एकच प्रश्न त्या बाईला विचारावयास शिकविले, तर त्याहून अचूक साक्ष मिळणे कठीण. थोड्या मोठ्या मुलाला मांडी घालून बसविले तरी तेच साधते. दुसरे हात लस टोचणाऱ्या परिचारिकेचे. १९७८ मध्ये देशात सुरू झालेल्या व १९८५ पासून सार्वत्रिक केलेल्या लसीकरणाचे पंचांग ह्या विकाराला विलक्षण जुळते. साडेतीन महिन्यांची लस देताना एक नजर टाकली तर संशयित बाळ कळते. नवव्या महिन्यात गोवरप्रतिबंधक लस देताना पुन्हा पाहिले तर निर्णय होतो, कारण तेव्हा आपोआप उतरण्याची वेळ गेलेली आणि शस्त्रक्रियेची आलेली असते. पुढच्या हंगामाचे स्थलांतर सुरू होण्याआधी तारीख ठरविणे मग शक्य होते.

सुश्रुताचे अग्निकर्म, हंटरचे सुकाणू, बेव्हन ह्यांचे ‘ताण न पडता’ आणणे, कोशातील छोटा खिसा, पोटातील दुर्बीण : हे सारे आज जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा त्याच्या आसपास उपलब्ध आहे किंवा सहज होऊ शकते. ह्या दीर्घ इतिहासाचा लाभ अक्राणीच्या एखाद्या पाड्यावरील मुलाला मिळणार की नाही, हे मात्र शस्त्राच्या धारेवर ठरत नाही. त्याच्या वयाचा नववा महिना सरण्यापूर्वी कोणीतरी त्याच्याकडे नीट पाहिले की नाही, ह्यावर ते ठरते. म्हणून ह्या शस्त्रक्रियेचा स्थानिक इतिहास लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने रुग्णालयाच्या शस्त्रक्रियानोंदवहीत प्रथम वयाचा रकाना वाचावा. शस्त्रवैद्याचे नाव व पद्धती त्यानंतर पाहाव्यात. त्या रकान्यातील आकडे वर्षांत लिहिले आहेत की महिन्यांत, एवढ्यावरूनच जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेची प्रगती किती झाली ते समजून येईल.